साथ येण्यापूर्वी घराची तयारी

परवा दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या गल्लीत दोन मुलांना कांजिण्या आलेल्या आणि घरात सून सहा महिन्यांची गरोदर. खिशातून कागद काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उद्या घर बंद करून बसायची वेळ आली तर काय काय भरून ठेवू तेवढे सांगा, मी यादी करतो." कागदावर साबण, मास्क, डेटॉल आणि तांदूळ आधीच लिहिलेले होते. मी विचारले, सूनबाईंना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत का? गुरुजींना ठाऊक नव्हते. तिथूनच त्यांच्या व्याह्यांना फोन लावला, तेव्हा कळले की आल्याच नाहीत. गरोदरपणात पहिल्यांदा कांजिण्या होणे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे. सुदैवाने त्या मुलांच्या जवळपास ती गेली नव्हती. त्याच दिवशी बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले आणि त्यांच्या सल्ल्याने महिन्याभरासाठी माहेरी पाठवले. गुरुजींच्या यादीत चौदा वस्तू होत्या. जे आधी विचारायला हवे होते ते मात्र त्यात नव्हते.

तीस वर्षांहून अधिक काळ मी याच गावात दवाखाना चालवतो आहे. साथीच्या काळात घरात साबण संपला म्हणून कोणाचे बिघडले, असे मला फारसे आठवत नाही. कोणी काय करायचे हे ठरलेले नव्हते म्हणून बिघडलेली घरे मात्र पुष्कळ पाहिली. त्यातले एक माझे स्वतःचे. ते पुढे सांगतोच.

आधी एका आजीबाईंची गोष्ट. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. आपल्या खानदेशातली किती तरी घरे सुरतेच्या कमाईवर चालतात. बातमी फुटली आणि माणसे मिळेल त्या गाडीने परत निघाली. मी नुकताच दवाखाना थाटलेला, वय सत्तावीस. येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. कोणी दोन खाल्लेल्या, कोणी वीस. जवळच्या एका खेड्यातला तरुण नातू असाच यायचा होता. त्याची आजी ऐंशीच्या घरातली. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडले की सारे गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचे, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले. रेडिओवर बातमी ऐकली त्याच दिवशी तिने मळ्यातली झोपडी झाडून घेतली. बाज टाकली, मडके भरले, एक ताट, एक तांब्या, घोंगडी, कंदील आणि विड्यांचा एक कट्टासुद्धा ठेवला. नातू एस. टी. तून उतरला तो घरी न येता थेट मळ्यात गेला. जेवण एकट्या काकाने न्यायचे, बांधावरच्या सपाट दगडावर डबा ठेवायचा, मागे सरायचे, मग पोराने उचलायचा. बोलायचे ते लांबून. ताप किंवा खोकला सुरू झालाच तर ट्रॅक्टर कोणाचा आणि न्यायचे कुठे, हेही ठरले होते.

मला बोलावले ते दुसऱ्या दिवशी. मी सात दिवसांचा औषधाचा कोर्स लिहून दिला आणि रोज ताप पाहायला सांगितले. बाकी सांगण्यासारखे माझ्यापाशी काही उरलेच नव्हते. पोराला काही झाले नाही. सात दिवस भरल्यावर आजीने त्याला मळ्यातच आंघोळ घालायला लावली आणि मग घरात घेतले. त्या बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अलगीकरण म्हणजे काय, हे मी एम. बी. बी. एस. च्या पुस्तकात वाचले होते, पण केलेले पाहिले ते त्या मळ्यात.

अलगीकरण आणि विलगीकरण या दोन शब्दांची कोरोनाच्या काळात बरीच सरमिसळ झाली, म्हणून थोडे स्पष्ट करतो. आजारी माणसाला निरोग्यांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. रोग्याच्या सहवासात आलेला, पण अजून धडधाकट दिसणारा माणूस काही दिवस वेगळा राहतो ते अलगीकरण, म्हणजेच क्वारंटाईन. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ चाळीस. व्हेनिसच्या बंदरात जहाजे चाळीस दिवस अडकवून ठेवत, त्यावरून तो आला. आता चाळीस दिवसांची गरज नसते. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जेवढे दिवस जातात, तेवढे दिवस थांबायचे. प्लेगला साधारण आठवडा, कोरोनाला सुरुवातीला चौदा दिवस धरले होते. फ्लूची लक्षणे एक ते चार दिवसांतच दिसतात. कांजिण्यांना मात्र दहा ते एकवीस दिवस लागू शकतात. अंगावर पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या खपल्या धरेपर्यंत ते मूल इतरांना रोग देऊ शकते.

गोवराची तऱ्हा वेगळी. पुरळ येण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस त्याचा प्रसार होतो. रोगी खोलीतून बाहेर गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. तेव्हा एकाच घरात पडदा लावून भावंडे वाचतील या भ्रमात राहू नये. तिथे रोग्याला घरी ठेवायचे ते शेजारच्यांसाठी. घरातल्या मुलांना वाचवायचे तर लस आधी झालेली हवी. सहा महिन्यांपुढच्या ज्या मुलाची राहून गेली असेल त्याला संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत दिली तरी बराच उपयोग होतो. गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस डॉक्टरांकडून जरूर द्यावेत, डोळे वाचतात. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराने लहान मुले दगावली. "देवी आल्या, औषध नको" म्हणणारी घरे अजूनही आहेत. त्यांच्याशी वाद न घालता मी एवढेच म्हणतो, देवीचे काय करायचे ते करा, पण पोराला घेऊन या. पटकी आणि गॅस्ट्रो यांच्यात मात्र माणूस कोंडून काहीच साधत नाही. तिथे पाणी उकळणे आणि हात धुणे हाच बंदोबस्त.

आता माझ्या घराची हकिकत. एप्रिल २०२१. दिवसाला शंभर-शंभर रोगी तपासत होतो. याच सदरात हात धुण्यावर आणि मास्कवर दोन-तीन लेख लिहून झाले होते. एके संध्याकाळी अंग मोडून आले. मी तडक वरच्या खोलीत गेलो, दार लावले, ताट पायरीवर ठेवायला सांगितले. शिस्तशीर सगळे. खाली आई, पत्नी आणि मुलगा. आईचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. तिला रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारी एक गोळी चालू होती. ही औषधे दवाखान्यातून मीच आणायचो आणि मीच तिच्या डबीत भरायचो. नावे घरात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती. डबी दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली. आई कोणाला बोलली नाही. पोरगा आजारी, त्याला कशाला त्रास द्यायचा, असे तिच्या मनात. पत्नीला वाटले, डबी भरलेली असणार. सातव्या दिवशी सकाळी चहाचा कप तिच्या हातातून पडला. पत्नीने पाहिले तर तोंड डावीकडे ढिले आणि बोलणे अडखळणारे. मला ताप उतरून गाढ झोप लागलेली, फोन बंद. मुलाने दार ठोठावून उठवले. गाडी मिळवायला दीड तास गेला, कारण नेहमीचा ड्रायव्हरही आजारीच होता.

आई वाचली. तिची कोरोनाची चाचणी निगेटिव्ह आली. डाव्या हातात पूर्वीचा जोर मात्र आला नाही. वाटी अजून उजव्याच हाताने धरते.

म्हणून कोणी मला यादी मागितली तर मी साबणाच्या आधी एक कागद घ्यायला सांगतो. त्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, जुना आजार, चालू गोळीचे नाव, तिची ताकद, ती किती वाजता घ्यायची आणि कोणते औषध सोसत नाही हे मोठ्या अक्षरांत लिहावे. कोणाला गोवर, कांजिण्या येऊन गेल्या, कोणत्या लसी झाल्या, तेही. गरोदर बाई असेल तर बाळंतपणाची अंदाजे तारीख. खाली डॉक्टर, औषधाचे दुकान, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि रात्री-अपरात्री गाडी काढेल अशा दोन माणसांचे फोन. दोन लिहा, एकावर विसंबू नका. हा कागद फाइलमध्ये न ठेवता कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, थायरॉइड, क्षय यांची औषधे नेहमीच महिनाभराची शिल्लक असावीत, साथ असो वा नसो. डबीत आठवडाभराचे राहिले की नवे आणायचे. घरात फ्रीज नसेल तर इन्सुलिन पिशवीत नीट बांधून, बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवता येते.

दुसरे, रोग्याजवळ कोण जाणार? एकच माणूस जावा. आपल्याकडे हे कोणी विचारतच नाही, सूनबाई आहेच असे धरून चालतात. तिला मधुमेह असला, दमा असला, अंगावर पिणारे मूल असले तरी तीच. मग तीही पडते आणि चूल बंद होते. ज्याची लस झाली आहे किंवा तो आजार येऊन गेला आहे, ज्याला दुसरा मोठा आजार नाही, असा धडधाकट माणूस निवडावा. तो पुरुष असला तर काही बिघडत नाही. भाताची पेज करणे आणि ताप मोजणे यांत बाईपण लागत नाही. त्याच्यानंतर कोण, हेही आधी ठरवावे. सेवा करणाऱ्यालाही झोप लागते, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

जागेचा प्रश्न निघाला की लोक हताश होतात. "डॉक्टर, दीड खोलीत सात माणसे, कुठे ठेवू वेगळे?" प्रश्न खरा आहे. कोरोनात सांगितलेली 'स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास' ही सूचना आमच्या गावातल्या निम्म्या घरांना लागू नव्हती. पण काहीच करता येत नाही असेही नाही. रोग्याची बाज खिडकीपाशी किंवा दाराच्या वाऱ्यावर टाकावी आणि खिडकी उघडी ठेवावी. थंडी वाजली तर पांघरूण वाढवावे, पण खिडकी लावू नये. बाकीच्यांनी त्याच्या डोक्याकडे आपले पाय करून झोपावे. ओटा, अंगण, गच्ची, गोठ्याची पडवी यांतले जे असेल ते दिवसा वापरावे. मोकळ्या हवेत खोकल्यातून पसरणारे रोग फार कमी पसरतात. न्हाणी एकच असेल तर रोग्याने सर्वांत शेवटी जावे, खिडकी उघडून यावे, नळ आणि कडी साबणाच्या पाण्याने पुसावी. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले रोग्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला. शक्य असेल तर त्यांना नातेवाइकांकडे पाठवावे, पण संपर्क येण्यापूर्वीच. नंतर पाठवणे म्हणजे रोगालाच तिकीट काढून देणे.

भांडी, कपडे यांची लोकांना उगाच धास्ती असते. रोग्याचे ताट-वाटी वेगळी ठेवून नेहमीच्या साबणाने धुतली की पुरे. कपडे न झटकता साबणाच्या पाण्यात भिजवावेत, कडक उन्हात वाळवावेत. जुलाब-उलटीच्या आजारात संडासात आणि घाण झालेल्या फरशीवर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकावे. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ताजी पावडर, दर वेळी नवे. त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. २०२० मध्ये भाजीसुद्धा या पाण्यात बुडवणारे लोक मी पाहिले. पुढे त्यांच्या पोटाच्या तक्रारीही मीच पाहिल्या.

सामानाचे थोडक्यात. दोन आठवड्यांचे पीठ, डाळ, तेल, गूळ, मीठ, भरलेला सिलिंडर, कपड्याचे आणि हाताचे साबण, बायकांचे महिन्याचे पॅड, थोडी रोख रक्कम. एवढे बहुतेक घरांत असतेच. ट्रक रिकामा करायची गरज नाही. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत पाणी कोण भरणार, हे ठरवणे मात्र महत्त्वाचे. म्हैस असेल तर धार कोण काढणार? औषधांत पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे आणि थर्मामीटर. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर. मुलांचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. अँटिबायोटिक आणि स्टेरॉईडचा साठा घरात करू नका. २०२१ मध्ये मनाने घेतलेल्या स्टेरॉईडने आणि चढलेल्या साखरेने काळ्या बुरशीचे जे रोगी झाले, त्यांतले काही या गावचेही होते.

घर बंद ठेवायचे ठीक, पण दार कधी उघडायचे? रोग्याला घरातच ठेवण्याचा हट्ट करून वेळ दवडणारी माणसे प्लेगच्या वेळीही होती आणि कोरोनातही. बसल्या जागी धाप लागणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, ओठ-नखे निळसर होणे, छातीत दुखणे, माणूस गुंगीत जाणे किंवा बरळणे, दिवसभर लघवी न होणे, तोंड वाकडे होणे, यांतले एक दिसले तरी निघायचे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असेल तर नखावरचे पॉलिश काढून, हात गरम करून, स्वस्थ बसून आकडा पाहावा. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली गेला तर सरळ दवाखाना. लहान मुलाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६०, वर्षाच्या आतल्याचा ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त भरला, पोट उडू लागले, किंवा मूल अंगावर पिईना, तर सकाळची वाट पाहू नये.

शेजाऱ्यांना सांगायचे की नाही, हे लोक मला दबक्या आवाजात विचारतात. मार्च २०२० मध्ये घरी अलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, तेव्हापासून लपवाछपवी वाढली. एका दुकानदाराने घरात तिघे आजारी असताना कोणालाही कळू दिले नाही. कळू द्यायचे नाही म्हणून दूध, भाजी आणायला त्याला स्वतःच बाहेर पडावे लागले आणि दुकानही चालू ठेवावे लागले. त्याच गल्लीतल्या एका शिंपीदादांनी पहिल्याच दिवशी समोरच्या ओट्यावर हाक मारून सांगितले, "आमच्याकडे आजार आहे, चौदा दिवस येऊ नका." दोन घरे तुटली, बोलेनाशी झाली. बाकीच्यांनी भिंतीवर दूध ठेवले, भाजी ठेवली. घरातल्या मुलीची दहावीची वहीसुद्धा भिंतीवरून आली-गेली. मी सांगा असेच म्हणतो. तुटणारी दोन घरे कोणती, हे आपल्याला बहुधा आधीच ठाऊक असते.

ही सगळी बोलणी एका रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासात होतात. म्हाताऱ्यांना आणि पोरांना बाजूला सारू नका. आजीला वेगळे ठेवावे लागले तर तिच्याशी रोज फोनवर कोण बोलणार, हे तिच्यासमोरच ठरू द्या. गुरुजींनी तसेच केले. चार दिवसांनी येऊन त्यांनी मला नवा कागद दाखवला. साबण आणि तांदूळ आता खाली गेले होते. वर सूनबाईंचे नाव होते आणि त्याखाली स्वतः गुरुजींची हृदयविकाराची गोळी, जी ते बायकोपासून लपवून घेत होते.

आमच्या घरचा कागद दर पाडव्याला आणि दिवाळीला नवा लिहितो. गोळ्यांची नावे आई सांगते, मुलगा लिहितो. मी फक्त शुद्धलेखन तपासतो.